रेस ट्रॅकवर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) तुटून क्रँककेसला, म्हणजे इंजिनच्या खालच्या कवचाला, भोक पडलं. नाशिकमध्ये इंजिन पुन्हा बांधता येईल का?

येईल, पण आधी भोक कुठे आहे ते बघा. बेअरिंगच्या बैठकीपासून लांब असेल तरच वेल्डिंगच्या फंदात पडा, नाहीतर दुसरी क्रँककेस शोधा. सातपूर-अंबडकडे लेथवाले आहेतच. क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गुळगुळीत गोल भाग) मायक्रोमीटरने मोजून घ्या. नख अडकेल इतका ओरखडा असेल तर तो क्रँक ट्रॅकसाठी नकोच.

खरा घात धातूच्या चुऱ्याने होतो. मी सगळं नवं टाकलं आणि ऑइल कूलर तेवढा पेट्रोलने धुऊन जुनाच लावला (कंजूषपणा, दुसरं काय!). आत अडकलेली चमकी सुटली, नवे बेअरिंग शेल दोन दिवसांत खरवडले. कूलर नवाच घ्या, ऑइल पंप उघडा, रॉडचे जुने बोल्ट फेकून द्या. पहिलं ऑइल ५० किलोमीटरच्या आत काढा आणि फिल्टर कापून आत चमकी आहे का बघा.