तोंड आले, लागण झाली की बुरशी बळावली?

पाचपाखाडीच्या एका ताईंनी विचारले आहे: सासूबाई दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेतात. त्यांच्या जिभेवर आणि गालांच्या आत पांढरा थर धरला. डॉक्टर म्हणाले 'बुरशी झाली', शेजारच्या काकू म्हणाल्या 'तोंड आलंय', आणि घरात विचारणा सुरू झाली की ही लागण झाली कुणाकडून. यातला नेमका शब्द कोणता?

'तोंड येणे' चूक नाही, पण फार ऐसपैस आहे. डोळे येतात तसे तोंड येते. फोड, लाली, आग सगळे त्यात मावते, कारण मात्र कळत नाही. आयुर्वेदातला 'मुखपाक'ही तसाच व्यापक. 'बुरशी' कारण सांगते, पण ठाण्याच्या पावसाळ्यात चपलांवर चढणारी बुरशी आठवून माणूस उगाच ओशाळतो. ही बुरशी वेगळी, कॅन्डिडा नावाची, यीस्टच्या प्रकारातली.

माझा आक्षेप आहे तो 'लागण'ला. लागण बाहेरून होते. कॅन्डिडा तर कितीतरी निरोगी माणसांच्या तोंडात एरवीही मुक्कामाला असते. लाळेतली हिस्टॅटिन ही प्रथिने तिला मारत राहतात. ती गोल पेशींच्या रूपात, थोडकी असेपर्यंत शरीर तिला चालवून घेते. पण तिला तंतू फुटले की ते तोंडाच्या आतल्या अस्तरात घुसतात आणि कॅन्डिडालायसिन हे विष सोडतात. २०१६ साली उजेडात आलेले हे विष अस्तराच्या पेशींना इजा करते, आणि त्या इजेनेच शरीराला वर्दी मिळते! इंटरल्यूकिन-१७ हा संदेश सुटतो, अस्तर बुरशीनाशक प्रथिने तयार करते, न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशी धावून येतात. हा संदेश सोडणाऱ्या पेशींत मदतनीस टी पेशी, याही पांढऱ्या रक्तपेशीच, महत्त्वाच्या. एचआयव्हीमध्ये त्याच घटतात, म्हणून तिथे तोंडातला हा पांढरा थर वरचेवर दिसतो. पंपातले स्टेरॉइड तोंडात राहिले तरी तिथला पहारा ढिला पडतो.

म्हणून मी म्हणेन, 'बुरशी बळावली'. दुखणे बळावते, ताप बळावतो. जे आधीच आहे ते संधी मिळताच जोर धरते. असे म्हटले की 'कुणाकडून' हा प्रश्नच गळतो आणि कामाचे प्रश्न पुढे येतात: रक्तातली साखर वाढली आहे का, कवळी रात्री काढून ठेवतात का, नुकतीच अँटिबायोटिके झाली का. सासूबाईंनी पंप घेतल्यावर दर वेळी खळखळून चूळ भरून पाणी थुंकावे. पंप मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.