पावसाळ्यात मांडवीतले प्राणिप्लवक कुठे जातात?

प्रश्न : विद्यार्थ्यांसह आम्ही पणजीजवळ मांडवीत बारीक जाळे ओढून प्राणिप्लवकांचे, म्हणजे पाण्याबरोबर तरंगत वाहणाऱ्या लहानशा प्राण्यांचे, नमुने घेतले. मे महिन्यात बशीत टिचकीसरशी उसळ्या घेणाऱ्या पारदर्शक कोपेपॉडांची (चिमुकल्या कवचधारी जीवांची) दाटी होती. ऑगस्टमध्ये त्याच जागी दिवसा पृष्ठभागावरून घेतलेल्या नमुन्यात जेमतेम काही जीव सापडले. याला प्रदूषण कारणीभूत असेल का? – एक प्राध्यापिका, पणजी

उत्तर : एवढ्यावरून प्रदूषणाचा निष्कर्ष काढू नये, कारण मे आणि ऑगस्ट यांच्या दरम्यान मांडवीच्या खाडीतले पाणीच बदललेले असते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह आटतो, भरती आत दूरवर शिरते आणि पणजीजवळची क्षारता (पाण्यातील क्षारांचे प्रमाण) समुद्राच्या जवळपास, म्हणजे दर हजारी ३५ च्या आसपास पोहोचते. जून ते सप्टेंबर या काळात सह्याद्रीवरून येणारा लोंढा तीच क्षारता, विशेषतः ओहोटीच्या वेळी पृष्ठभागावर, अगदी खाली आणतो. गोव्यात पाण्याचे तापमान वर्षभरात थोडेच बदलते. त्यामुळे थंड प्रदेशांतील खाड्यांमध्ये जो फरक ऋतूंच्या तापमानाने पडतो, तो इथे प्रामुख्याने क्षारतेने पडतो.

बहुतेक सागरी प्राणिप्लवकांना शरीरातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापासून वेगळे राखता येत नाही. पाणी अचानक गोडे झाले की ते शरीरात शिरते आणि पेशी फुगतात. म्हणूनच बाणकृमींसारखे खाऱ्या पाण्यातले जीव पुरापुढे टिकत नाहीत, अकार्टिया वंशातील काही कोपेपॉड मात्र मचूळ पाण्यात तग धरतात, आणि नदीच्या वरच्या अंगाला गोड्या पाण्यातील जाती दिसू लागतात. नुसती संख्या मोजण्यापेक्षा जाती ओळखणे मला अधिक मोलाचे वाटते, ते यासाठी.

दुसरे कारण वेळेचे आहे, आणि ते सहसा नजरेआड होते. अंड्यातून निघालेला कोपेपॉड सहा नॉप्लियस (डिंभक) आणि पाच कोपेपोडिड (किशोर) अवस्था ओलांडून प्रौढ होतो. उबदार पाण्यातही त्याला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. ऐन पावसात खाडीतले पाणी त्याआधीच समुद्रात गेलेले असू शकते, मग नवी पिढी वाढणार कुठे? त्यात गढूळ पाण्यामुळे प्रकाश खोल जात नाही आणि वनस्पतिप्लवकांचे, म्हणजेच अन्नाचे, उत्पादन मंदावते.

तरीही सगळे जीव संपलेले नसतात. गोडे पाणी हलके असल्याने वरून बाहेर वाहते, तर मुखाजवळ खारे पाणी तळालगत पाचरीसारखे आत घुसते. अनेक प्राणिप्लवक दिवसा त्या खालच्या थरात राहतात, रात्री वर येतात, आणि काही ओहोटीच्या वेळी तळाशी थांबून वाहून जाणे टाळतात. अकार्टियाच्या काही जातींची सुप्त अंडीही चिखलात टिकून राहतात. तुमचा नमुना दिवसा आणि पृष्ठभागावरचा असल्याने हे सारे त्याच्या कक्षेबाहेर राहिले.

पुढच्या वेळी भरती-ओहोटीची तीच अवस्था निवडून, शक्य असल्यास रात्रीही, दोन्ही थरांतून नमुने घ्यावेत. दर वेळी क्षारता आणि विरघळलेला प्राणवायू मोजावा आणि जाळ्याच्या तोंडाशी प्रवाहमापक बसवून किती पाणी गाळले ते नोंदवावे. डिसेंबर-जानेवारीत क्षारता पूर्ववत झाल्यावरही जीवांची संख्या आणि विविधता सावरली नाही, आणि त्याच वेळी प्राणवायूही कमी आढळला, तर मात्र प्रदूषणाची शंका गांभीर्याने तपासावी लागेल.