पिकअपचा ए.सी. कंप्रेसर पुन्हा पुन्हा जाम होतोय, चौथा घेण्याआधी काय तपासावं?

तुमचा प्रश्न असा आहे: बेळगावातून भाजी भरून चोर्ला घाटातून गोव्याला जाणारी डिझेल पिकअप, दीड वर्षात तिसरा कंप्रेसर जाम, दर वेळी नवा बसवून व्हॅक्यूम मारला (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढला), गॅस भरला, आणि मेस्त्री म्हणतात की हल्ली मालच डुप्लिकेट येतो. एखादा कंप्रेसर खराब निघू शकतो, ओळीने तीन सहसा निघत नाहीत. पहिल्याने जाम होताना जो धातूचा चुरा पाइपांत सोडला तोच पुढच्या दोघांना खातोय, असं मला वाटतं. आणि पहिला का गेला हे अजून कुणी पाहिलेलंच दिसत नाही. म्हणून चौथ्याचे पैसे देण्याआधी तिसऱ्याची नीट तपासणी करून घ्या.

जुना कंप्रेसर भंगारात देऊ नका. उतरवल्यावर त्याची तोंडं खाली करा, हब (पुढचा मधला फिरणारा भाग) फिरत असेल तर हाताने फिरवत सगळं तेल मिलीच्या खुणा असलेल्या भांड्यात काढा, आणि उन्हात धरून बघा. तेल काळं आणि त्यात चंदेरी चुरा असेल तर आतले भाग तेलाविना घासले गेलेत. तेल जेमतेम १०-२० मिली निघालं तर ते गळतीतून गेलंय किंवा कंडेन्सरात (रेडिएटरपुढची, गॅस गार करणारी जाळी) अडकलंय. तपकिरी, गढूळ, गंजाचा रंग म्हणजे आत ओलावा. तेल स्वच्छ पण व्हॉल्व्हच्या पातळ पट्ट्या तुटलेल्या असतील तर कंप्रेसरमध्ये गॅसऐवजी द्रव शिरलाय, म्हणजे गॅस किंवा तेल जादा भरलंय. तेल चांगलं आणि फक्त कंप्रेसरचा क्लच (पुलीजवळचा, कंप्रेसर चालू-बंद करणारा भाग) जळलेला असेल, तर बिघाड बाहेरचा आहे. त्याचं पुढे लिहितो.

काळं तेल निघालं तर कंडेन्सर बदलावाच लागेल. इथेच बहुतेकांचं चुकतं. आजच्या कंडेन्सरात बारीक छिद्रांच्या चपट्या नळ्या शेजारी शेजारी असतात. काही नळ्या चुऱ्याने बुजल्या तर फ्लशिंगचं (आतून धुण्याचं) द्रव्य उघड्या नळ्यांतून सरळ बाहेर येतं, बुजलेल्या तशाच राहतात, आणि बाहेर पडणारं द्रव्य स्वच्छ दिसल्यामुळे काम झालं असं वाटतं. पुढे गाडी घाटात हादरे खाते आणि तोच चुरा थोडा थोडा सुटत राहतो. कंडेन्सरबरोबर रिसिव्हर ड्रायर (ओलावा शोषणारा डबा; काही गाड्यांत तो कंडेन्सरच्याच बाजूच्या नळीत असतो) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हही (इव्हॅपोरेटरच्या तोंडाशी दाब पाडणारा) नवे घ्या. डिस्चार्ज पाइपात डब्यासारखा मफलर असेल तर तो पाइपही बदला, त्याच्या पोटातला चुरा धुऊन निघत नाही. इव्हॅपोरेटर (केबिनची हवा थंड करणारी जाळी) आणि साधे पाइप मात्र फ्लश करून वापरता येतात.

फ्लशिंगला पेट्रोल, डिझेल, रॉकेल चालत नाही. त्यांचा तेलकट अंश आत राहून नवं तेल बिघडवतो. ए.सी.साठी मिळणारं फ्लशिंग द्रव्यच घ्या. नंतर टायरवाल्याच्या हवेने फुंकू नका, त्या हवेत पाणी असतं आणि पावसाळ्यात खानापूरकडच्या दमट हवेत तर भरपूरच. कोरडा नायट्रोजन वापरा. उद्यमबागसारख्या औद्योगिक भागात सिलिंडर मिळायला अडचण नसावी. रेग्युलेटर लावूनच, १५० पीएसआयच्या आत. ऑक्सिजन चुकूनही नको, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. याच नायट्रोजनवर अर्धा तास दाब धरून साबणाच्या पाण्याने सगळे जोड तपासून घ्या.

आता तेल. तुमचे कंप्रेसर मुळात तेलानेच गेले असण्याची शक्यता मला सगळ्यात जास्त दिसते. गॅस गळतो तेव्हा त्याच्याबरोबर तेलही जातं. दर उन्हाळ्यात गळती न शोधता नुसता गॅस टॉपअप केला की थंडावा परत येतो, तेल परत येत नाही. शिवाय गॅस कमी असला की पाइपांत पसरलेलं तेलही कंप्रेसरपर्यंत नीट परतत नाही. अशी गाडी सपाट रस्त्यावर चालून जाते, पण चोर्ल्याच्या उतारावर खालच्या गियरमध्ये इंजिन जोरात फिरतं आणि कंप्रेसरची पुली लहान असल्यामुळे तो त्याहून जोरात फिरतो. कोरडा कंप्रेसर तिथेच घासतो.

किती तेल घालायचं हे बॉनेटखालच्या किंवा कंप्रेसरवरच्या स्टिकरवर बघा. एकाच ब्लोअरच्या गाडीत पूर्ण सिस्टीमचं तेल साधारण १२० ते १८० मिली असतं, पण स्टिकरचा आकडाच खरा. नव्या कंप्रेसरमध्ये कधी पूर्ण तेल असतं, कधी थोडं, रिबिल्टमध्ये कधी अजिबात नसतं. म्हणून तोही उलटा करून तेल मोजा. सगळी सिस्टीम धुतली असेल तर एकूण तेल स्टिकरएवढं भरा. निम्मं कंप्रेसरात आणि उरलेलं ड्रायर, कंडेन्सर, इव्हॅपोरेटरमध्ये वाटून घाला. तेलाची जात पॅग ४६ की पॅग १०० (पॅग हा ए.सी. तेलाचा प्रकार, आकडा त्याच्या घट्टपणाचा) हेही स्टिकरवरच असतं. उघडी पडलेली बाटली वापरू नका, पॅग तेल हवेतलं पाणी शोषतं. बसवून झाल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, कंप्रेसरचा हब हाताने दहा-बारा फेरे फिरवा. सिलिंडरात साचलेलं तेल निघून गेलं नाही तर पहिल्याच झटक्याला व्हॉल्व्ह तुटतो.

व्हॅक्यूमचं एक खास इथलं सांगतो. पुस्तकात २९ इंच (पाऱ्याचे) लिहिलेलं असतं, पण तो समुद्रसपाटीचा आकडा आहे. बेळगाव सुमारे साडेसातशे मीटर उंचीवर आहे, इथे चांगला पंपही साध्या गेजवर २७ इंचांच्या थोडाच वर जातो. त्यामुळे २९ येत नाही म्हणून लीक शोधत बसू नका, आणि २५ला काटा थांबला तर "इथे एवढंच येतं" हेही ऐकून घेऊ नका. पंप किमान ४५ मिनिटं चालवा, मग बंद करून २० मिनिटं काटा हलतो का बघा. मायक्रॉन गेज असेल तर ५०० मायक्रॉनच्या खाली उतरवा, त्या गेजला उंचीचा फरक पडत नाही.

गॅस वजनकाट्यावरच भरा. अशा गाड्यांत साधारण ४५० ते ६५० ग्रॅम लागतो, नेमका आकडा पुन्हा स्टिकरवर. नुसत्या गेजवर भरलेला गॅस जादा होतो आणि दाब चढतो. गॅसच भेसळीचा आहे का हेही कळतं. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी इंजिन चालू न करता गेज लावा. शुद्ध आर-१३४ए (गाडीच्या ए.सी.चा गॅस) २५ अंशांना सुमारे ८२ पीएसआय, ३० अंशांना ९७ आणि ३५ अंशांना ११४ दाखवतो. दाब यापेक्षा ठळकपणे जास्त असेल तर आत हवा किंवा दुसरा गॅस मिसळलाय. कमी असेल तर गॅस फारच थोडा उरलाय किंवा तोही भेसळीचा आहे.

पहिला कंप्रेसर जाण्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे वाढलेला दाब. ३५ अंशांच्या हवेत, इंजिन १५०० आरपीएम, ब्लोअर फुल, दारं उघडी, अशा वेळी लो साइड (कंप्रेसरकडे येणारी) ३० ते ४५ आणि हाय साइड (कंप्रेसरमधून जाणारी) २१० ते २५० पीएसआयच्या आसपास हवी. हाय ३०० च्या वर गेली तर कंडेन्सरवर बाहेरून पाण्याचा फवारा मारा. काटा झपकन उतरला तर हवा पुरेशी जात नाही: फॅन मंद आहे, फॅनचा व्हिस्कस क्लच ढिला आहे किंवा जाळी बुजली आहे. गळीत हंगामात निपाणी-चिकोडी पट्ट्यात उसाच्या ट्रॉल्यांमागून जाणाऱ्या गाड्यांच्या कंडेन्सरात पाचट आणि धूळ बसते, आणि सगळ्यात जास्त कचरा कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत साठतो. पुढून पाणी मारून तो निघत नाही. कंडेन्सर पुढे सरकवून मागून हलक्या दाबाने धुवा. प्रेशर वॉशर जवळ नेला तर पाती वाकतात.

प्रेशर स्विचला थेट वायर जोडून तो बायपास केलेला नाही ना, हे स्वतः डोळ्यांनी बघा. गॅस संपला तरी आणि दाब चढला तरी कंप्रेसर बंद करणारं तेवढंच एक संरक्षण आहे. ते काढून टाकणं म्हणजे कंप्रेसर जाणूनबुजून मारणं.

क्लच जळला असेल तर चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या-पाऊण व्होल्टहून जास्त कमी असेल तर रिले आणि अर्थिंगची वायर तपासा. कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ४.५ ओहम, क्लचची फट ०.३ ते ०.६ मिमी, तीन ठिकाणी फिलर गेजने मोजून. ब्रॅकेटला तडा गेलाय का, पुल्या एका रेषेत आहेत का, तेही तेव्हाच बघून घ्या.

बिलावर ड्रायर, व्हॉल्व्ह, फ्लशिंग, तेलाचं प्रमाण आणि गॅसचं वजन लिहून घ्या. ड्रायर बदलल्याचा पुरावा नसेल तर बरेच विक्रेते वॉरंटी देत नाहीत. आणि तिसरा कंप्रेसर अजून गॅरेजात पडलेला असेल तर आजच त्यातलं तेल काढा. किती मिली निघालं, रंग कोणता आणि चुरा होता का, एवढं इथे लिहिलंत तर कारण नक्की करता येईल.