बेरीपिकांची पैदास आणि मार्कर : वाचकांचे प्रश्न

स्ट्रॉबेरीच्या पानांतून सीटॅब (पेशी फोडणारं साबणासारखं रसायन) पद्धतीने डीएनए काढतो. तळाशी तपकिरी, चिकट गोळा बसतो आणि पीसीआरमध्ये (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याच्या तंत्रात) काहीच दिसत नाही. कुठे चुकतं?

तपकिरी रंग आणि चिकटपणा ही दोन वेगळी दुखणी आहेत. पान चिरडलं की त्यातल्या फिनॉल संयुगांचं ऑक्सिडीकरण होतं आणि ती डीएनएला धरून बसतात. चिकटपणा येतो पॉलिसॅकराइडांमुळे, म्हणजे शर्करेच्या लांब साखळ्यांमुळे. पुरतं न उलगडलेलं कोवळं पान घ्या, 100 मिलिग्रॅम पुरे. जास्त घेतलं की डीएनएपेक्षा कचराच वाढतो. द्रव नायट्रोजनमध्ये वाटा आणि भुकटी वितळायच्या आत 65 अंश सेल्सिअसच्या बफरमध्ये टाका. बफरात फिनॉलांना बांधून ठेवणारं पीव्हीपी 2 टक्के हवं. ऑक्सिडीकरण रोखणारं बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल (1 टक्का) आयत्या वेळी, फ्यूम हूडखालीच मिसळा. अर्ध्या तासाने क्लोरोफॉर्म-आयसोअमिल अल्कोहोल (24:1) घालून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. मधला पांढरा थर जाड असेल तर पुन्हा एकदा.

खरी मेख पुढे आहे. वरचा द्रव काढून त्यात त्याच्या निम्मं 5 मोलर मिठाचं द्रावण घाला आणि मग दुप्पट गार इथेनॉल. मीठ भरपूर असलं की पॉलिसॅकराइडं बरीचशी विरघळलेलीच राहतात, डीएनए खाली बसतो. मात्र 70 टक्के इथेनॉलने दोनदा धुतलं नाही, तर हेच मीठ पीसीआर बंद पाडेल.

डीएनए किती प्रकाश शोषतो हे मोजताना 260 आणि 280 नॅनोमीटरच्या शोषणाचं गुणोत्तर (260/280) 1.8 आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, 260/230 बघा. ते 1 च्या खाली असेल तर घाण शिल्लक आहे. नवा डीएनए काढण्याआधी जुनाच दहापट पातळ करून पीसीआर लावा. जेलवर डीएनएची पट्टी उमटली तर अडथळा करणारा पदार्थ होता, डीएनए ठीक होता.

मार्करची (हव्या जनुकाजवळच्या, त्याची खूण म्हणून वापरलेल्या डीएनए तुकड्याची) पट्टी ज्यांत आली नाही ती रोपं उपटून टाकावीत का?

लगेच नको. पट्टी ‘आहे किंवा नाही’ एवढंच सांगणाऱ्या मार्करमध्ये फसलेली पीसीआर आणि जनुक नसलेलं रोप अगदी सारखंच दिसतं. म्हणून त्याच नळीत प्रत्येक रोपात हमखास उमटणारी, वेगळ्या लांबीची दुसरी पट्टी ठेवा. ती दिसली तरच ‘नाही’ला अर्थ. शिवाय प्रत्येक प्लेटमध्ये जनुक असलेला आणि नसलेला पालक, आणि एक नळी नुसत्या पाण्याची.

‘आहे’वरही आंधळा विश्वास नको. मार्कर जनुकापासून 5 सेंटीमॉर्गन (गुणसूत्रावरचं अंतर मोजण्याचं एकक) दूर असेल, तर शंभरातल्या साधारण पाच रोपांत दोघांची फारकत होते. दोन्ही बाजूंना एकेक मार्कर घेतला की ही चूक फार कमी होते. पीचसारख्या वासाचा (गॅमा-डेकालॅक्टोन) मार्कर याला अपवाद म्हणावा लागेल: ज्या झाडांत तो वास तयार होत नाही त्यांत एफएएफएडी1 हे जनुकच नसतं, म्हणजे तपास थेट जनुकाचाच. रोगाच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. आरसीए2 जनुक कोलेटोट्रिकम अक्युटॅटम बुरशीच्या रोगगट 2 पासून वाचवतं. शेतात दुसरा गट असेल तर पट्टी असूनही झाड करपेल.

रानस्ट्रॉबेरीच्या जीनोमवरून (संपूर्ण डीएनएच्या क्रमावरून) प्रायमर, म्हणजे पीसीआर सुरू करून देणारे डीएनएचे छोटे तुकडे, बनवले, पण लागवडीच्या वाणात तीन पट्ट्या येतात.

रानस्ट्रॉबेरीचा जीनोम 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, तो द्विगुणित आहे, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच. लागवडीची स्ट्रॉबेरी अष्टगुणित (आठ संचांची), 56 गुणसूत्रांची. तिच्यात चार उपजीनोम (एकमेकांशी मिळतेजुळते जीनोम) आहेत आणि तुमचा प्रायमर त्यांतल्या एकाहून अधिक ठिकाणी बसतोय. 2019 मध्ये आलेला कॅमारोसा वाणाचा जीनोम वापरा. चारही प्रती एकाखाली एक मांडा आणि हव्या त्या उपजीनोमचं वेगळेपण दाखवणारा बेस (डीएनएचं अक्षर) प्रायमरच्या 3′ टोकाशी, म्हणजे जिथून नवी प्रत वाढते तिथे, येऊ द्या. नुसतं तापमान वाढवून हा घोळ क्वचितच मिटतो.

ब्लूबेरीच्या संकरात गुण असलेल्या आणि नसलेल्या रोपांचं प्रमाण 1:1 किंवा 3:1 अपेक्षित होतं, 5:1 आलं. मोजणी चुकली का?

मोजणी बरोबर असावी. हायबुश ब्लूबेरी स्वचतुर्गुणित आहे, म्हणजे तिच्यात प्रत्येक गुणसूत्राच्या एकसारख्या चार प्रती असतात. एका पालकात प्रभावी जनुकाच्या दोन प्रती आणि दुसऱ्यात एकही नसेल, तर सहांतल्या पाच रोपांना निदान एक प्रत मिळते. तोच पालक स्वपरागित केला तर 35:1. एकच प्रत असती तर मात्र 1:1 आणि 3:1 दिसलं असतं. तेव्हा पालकात प्रती किती, हे आधी मोजा.

गोडवा आणि उत्पन्न यांसाठी कोणता मार्कर घ्यावा?

एकटा कुठलाच पुरणार नाही. हे गुण अनेक जनुकांच्या लहान लहान परिणामांनी ठरतात. त्यासाठी संपूर्ण जीनोमभरचे मार्कर आणि शेतात मोजलेल्या झाडांची नोंद एकत्र लागते. मार्करचा हात रोपवाटिकेतल्या छाटणीपुरता धरा: तीन जनुकं हवी असतील आणि प्रत्येक एकाच पालकाकडून, एकाच प्रतीत, वेगवेगळ्या गुणसूत्रांवरून येत असेल, तर आठांतलं एक रोप उरतं. शेतात 50 रोपं लावायची असतील तर 400 ची पानं तपासायला हवीत. बियांची तजवीज त्या हिशोबाने करा; उगवण अपुरी असेल तर 400 बिया म्हणजे 400 रोपं नव्हेत.