अँबेसेडरचं नाक खाली बसलंय? आधी टॉर्शन बार बघ

मित्रा, नवीन शॉक्स (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणायला धावू नकोस, पैसे वाया जातील. अँबेसेडरला पुढे कॉइल स्प्रिंग नाहीतच, मूळ मॉरिस ऑक्सफर्डपासून टॉर्शन बार आहे, म्हणजे पीळ खाऊन स्प्रिंगचं काम करणारी पोलादी दांडी, गाडीचं वजन तोच पेलतो आणि शॉक्स फक्त उड्या आवरतात.

आधी मोजून घे. सपाट जागा, चारही टायरमध्ये बरोबर हवा, गाडी थोडी ढकलून पुढे-मागे कर आणि पुढून दोनतीनदा दाबून सोड, मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लाव, जमिनीपासून नको. मागचे पाटे (लीफ स्प्रिंग) नवीन असतील तर मागचा भागच उचललेला असतो आणि पुढचा उगाच खाली वाटतो, हे लय जणांचं होतं.

दोन्ही बाजू सारख्याच खाली असतील तर बार बसवताना त्याच्या टोकाचे दाते चुकलेले असू शकतात, एकाच दात्याने उंचीत चांगलाच फरक पडतो. दोन्ही बाजूंच्या बारची अदलाबदल झालीय का तेही बघ, एका दिशेला पीळ खाल्लेला बार उलट्या बाजूला लावला तर गाडी खाली बसतेच, शिवाय बार तुटायची भीती. बारवर खुणा पेंटने कर, पंच मारू नकोस, ओरखड्यातूनच तडा जातो.

आणि सस्पेन्शनच्या रबरी बुशचे नट चाक लटकलेलं असताना आवळले असतील तर ढिले कर, गाडी चाकांवर उभी करून मग आवळ, नाहीतर रबर पिळलेलं राहून लवकर फाटतं आणि उंचीही खोटी दिसते.

बार खोलताना सस्पेन्शनच्या खालच्या आर्मला जॅक पाहिजेच, पीळ जोरात सुटतो. उंची जमली की चाकांची अलाइनमेंट करून घे.