कान टोचलेल्या जागी पू झालाय, गोळ्या न घेता मध लावला तर चालेल का?

तुम्ही लिहिलंय की कानाच्या वरच्या कडेला टोचून तीन आठवडे झालेत, आता ठणकतंय आणि पू येतोय. मध लावू नका. वरची कड म्हणजे कूर्चा (कार्टिलेज, मऊ लवचीक हाड), तिथे मधाचं काम नाही.

मी मधाच्या विरोधात असते तर उत्तर इथेच संपलं असतं. पण बाबांच्या पोटाच्या ऑपरेशनचे टाके पिकले तेव्हा मधानेच जखम भरलेली मी पाहिली आहे. रोज पिवळं ओलं गॉज निघायचं, खोलीभर वास. सर्जननी ट्यूबमधल्या निर्जंतुक मधाचं ड्रेसिंग सुरू केलं. पहिले दोन दिवस जखम उलट जास्तच पाझरली, मी घाबरले. पाचव्या दिवशी वास गेला होता आणि तळाशी लालबुंद, दाणेदार नवं मांस दिसत होतं. पुढची सगळी ड्रेसिंग्ज मी स्वतः बदलली.

त्यामागे कारण आहे. मधात पाणी जेमतेम १७-१८ टक्के असतं, त्यामुळे तो जंतूंमधलं पाणी ओढून घेतो. शिवाय तो आम्लधर्मी. जखमेतल्या ओलीने पातळ झाला की त्यातलं ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर हळूहळू हायड्रोजन पेरॉक्साइड बनवत राहतं. मी हे भेटेल त्याला सांगत सुटले होते.

दादालाही सांगितलं. पुढे पुतणीने कानाची वरची कड टोचून घेतली आणि ती पिकली. दादाने आठ दिवस बरणीतला मध बोटाने लावला. मी गेले तेव्हा रिंगभोवती मधाची आणि पुवाची खपली धरली होती, तिच्यात केस चिकटलेले, आतला पू आतच. वरचा कान टोमॅटोसारखा लाल आणि सुजलेला, खालची पाळी मात्र अगदी नेहमीसारखी. डॉक्टरांनी तेवढ्यावरूनच ओळखलं: पाळीत कूर्चा नसते, म्हणजे संसर्ग कूर्चेच्या आवरणात गेलाय. कापून पू काढावा लागला. जंतू निघाला स्यूडोमोनास, कूर्चेच्या संसर्गात बहुतेकदा हाच सापडतो आणि नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना तो दाद देत नाही. आज तिच्या कानाची कड चुरगळलेली आहे. ती केस मोकळेच ठेवते.

दादा अजून म्हणतो, "तूच सांगितलं होतंस." मी सांगितलं होतं ते उघड्या जखमेबद्दल, निर्जंतुक मधाबद्दल आणि सर्जनच्या देखरेखीखाली. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण आवरणातून होतं. पुवाने आवरण सुटलं की कूर्चा मरते आणि कान आकार सोडतो. वरून लावलेला मध तिथे पोचणार कसा? "नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही" हे त्याचं दुसरं पालुपद. बरणीतल्या मधात क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या घातक विष बनवणाऱ्या जंतूचे बीजाणू असू शकतात, तेही नैसर्गिकच. तापवलं तर विकर मरतं, म्हणून तर दवाखान्यातला मध गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात. तिसरं म्हणजे सुश्रुत. हो, सुश्रुतसंहितेत व्रणावर मध-तूप आहे. पण पिकलेलं शस्त्राने फोडून पू काढायलाही त्याच ग्रंथात सांगितलंय, तेवढं पान दादा वाचत नाही.

तर तुम्ही आज-उद्यात कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. रिंग स्वतःहून काढू नका, भोक बुजून पू आत अडकू शकतो. काढायची का ते त्यांना ठरवू द्या. तोवर दिवसातून दोनदा निर्जंतुक सलाइनने धुवा, पिळू नका, पिरगळू नका. ताप आला किंवा सूज पसरली तर त्याच दिवशी जा. गोळ्या दिल्या तर घ्या, पूर्ण घ्या.

टोचलेलं पाळीत असतं तर मी एवढी घाई केली नसती, तिथे रक्तपुरवठा चांगला असतो. आणि पू नसून नुसती खाज, लाली, पाणी असेल तर ती निकेलची ॲलर्जीही असू शकते, मग दागिना बदलावा लागतो. तुम्ही पू म्हटलंय, वरची कड म्हटलंय, म्हणून हे सगळं. खालची पाळी सुजली आहे का, तेवढं आरशात बघून इथे लिहा. पण उत्तराची वाट बघत थांबू नका.