परदेशी कृषी शास्त्रज्ञांना शाश्वत कीड व्यवस्थापन शिकवायचंय, नाशिकमधले दहा दिवस कसे आखू?

तुम्ही विचारलंय की आफ्रिका आणि आशियातले पंधरा तरुण शास्त्रज्ञ जानेवारीत दहा दिवसांसाठी येणार आहेत, तर व्याख्यानं किती ठेवू आणि शेत किती? माझ्या मते व्याख्यानं दीड दिवस, बाकी सगळं शेत. किडींची नावं त्यांना येतातच. अडतं ते ‘आज फवारायचं की नाही’ हे ठरवताना.

म्हणून एकच पीक धरा, कांदा. डिसेंबरात लावलेला उन्हाळी कांदा तेव्हा चांगला रुजलेला असतो आणि थंडी ओसरेल तसे फुलकिडे (थ्रिप्स, पातीतला रस शोषणारे बारीक किडे) वाढतात. निफाडकडे पाच-पाच गुंठ्यांचे दोन तुकडे मिळवा. एक शेतकऱ्याच्या नेहमीच्या वेळापत्रकाने फवारायचा, दुसरा किडे मोजून, गरज असेल तरच. नुकसानभरपाईचं आधी लेखी ठरवा, नाहीतर तिसऱ्या दिवशी शेतकरी दुसऱ्या तुकड्यावरही गुपचूप पंप फिरवतो.

मोजणी सोपी वाटते, पण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. पाच ठिकाणी चार-चार रोपं, बांधालगतच्या ओळी सोडून. कडेला किडे जास्त असतात, त्यामुळे आकडा फुगतो. फुलकिडे पातीच्या टोकाला शोधू नका. माना उघडा. मधल्या कोवळ्या पाती जिथे एकमेकींना चिकटतात, तिथे फिकट पिवळी पिल्लं दडलेली असतात. दहापट भिंग हवंच. एकच रोप दोघांना वेगवेगळं मोजायला लावा. एकाचे 12 आणि दुसऱ्याचे 31 आले, तर त्या दिवशी पुढचं काही शिकवू नका, मोजणीच पक्की करा.

आपल्याकडे कांद्यावर रोपामागे 30 फुलकिडे ही आर्थिक नुकसानीची पातळी धरतात, म्हणजे किडे तेवढे झाले की मगच फवारणी परवडते. हा आकडा त्यांना वहीत उतरवून नेऊ देऊ नका. तो कसा निघतो ते करून दाखवा. समजा एका फवारणीला एकरी 1,500 रुपये लागतात. कांदा 20 रुपये किलो असेल तर 75 किलो वाचले की खर्च निघतो. लासलगावला भाव 10 वर आला की 150 किलो वाचवावे लागतात, म्हणजे थोडे जास्त किडे सोसणंच परवडतं. ज्याने त्याने आपापल्या देशातला भाव, मजुरी आणि औषधाची किंमत घालून हे गणित मांडावं. माझ्या दृष्टीने दहा दिवसांतली खरी शिदोरी तीच.

निंबोळी अर्क हाताने करून घ्या. 5 किलो निंबोळी पावडर रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून दोनदा पिळून गाळायची, 200 ग्रॅम साबण वेगळा विरघळवून त्यात घालायचा आणि एकूण पाणी 100 लिटर करायचं. साबण विसरला तर कांद्याच्या मेणचट पातीवरून थेंब घरंगळून जातात. गाळणं कच्चं राहिलं तर नोझल तुंबतं. दुपारच्या उन्हात फवारला तर त्यातला कामाचा अंश लवकर मरतो, म्हणून त्याच दिवशी संध्याकाळी संपवायचा. जुनी, बुरशी आलेली निंबोळी घेतली तर मेहनत वाया.

ट्रायकोकार्ड, म्हणजे किडींची अंडी फस्त करणाऱ्या ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाचं कार्ड, दाखवायचं असेल तर टोमॅटोवर. एका कार्डावर सुमारे 20,000 अंडी असतात. पट्ट्या कापून पानाच्या खालच्या बाजूला टाचायच्या. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत कार्ड राहिलं की काम संपलं. मुंग्या आणि आदल्या दिवशीची फवारणी हे आणखी दोन शत्रू.

शेवटचे दोन दिवस त्यांनाच शेतीशाळा, म्हणजे शेतातच पिकाचं निरीक्षण करून निर्णय घ्यायला शिकवणारा वर्ग, घेऊ द्या. ही पद्धत 1989 मध्ये इंडोनेशियात भातशेतीवर सुरू झाली. मोठ्या कागदावर रोप काढायचं, एका बाजूला किडी, दुसऱ्या बाजूला ढालकिडे, क्रायसोपा असे मित्रकीटक, वर हवामान आणि खाली निर्णय. दुभाष्या शेतीतला हवा. इंग्रजी येणारा पण ‘मावा’ आणि ‘तुडतुडा’ यांतला फरक न कळणारा माणूस सगळा घोळ घालतो. आफ्रिकेतून आलेल्यांना एक तास द्या. कसाव्यावरच्या पिठ्या ढेकणाला परजीवी गांधीलमाशीने कसं आवरलं, हे तेच आपल्याला सांगतील.

द्राक्षबागेला अर्धा दिवस पुरे. खोडाची सुटलेली साल काढून पिठ्या ढेकूण आणि त्याच्या मागे लागलेल्या मुंग्या दाखवा. निघण्याआधी बागाईतदाराला शेवटची फवारणी कधी आणि कशाची झाली ते विचारा. फवारणीनंतर फळ तोडण्याआधी थांबायचा, औषधाच्या लेबलवरचा काळ उलटला नसेल तर बाग बदला, कारण पाहुणे मणी तोडून तोंडात टाकणारच.